अनुदानातून उपकरण येतं. पुढची पंधरा वर्षं कोण बघतं?

आगीच्या धुरात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवर जो सिलिंडर असतो, त्यात ऑक्सिजन असतो असा पुष्कळांचा समज आहे. त्यात आपली नेहमीचीच हवा असते, फक्त प्रचंड दाबाने भरलेली. कार्बन फायबरचे धागे गुंडाळून बनवलेला हा सिलिंडर हातात घेऊन फिरवला, की त्यावर चिकटवलेल्या पट्टीवर बनावटीचा महिना आणि वर्ष सापडतं. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे अशा सिलिंडरचं आयुष्य साधारण पंधरा वर्षांचं धरतात. मधल्या काळात दर पाच वर्षांनी त्यात पाणी भरून, दाब देऊन चाचणी घ्यावी लागते. चाचणीत नापास झालेला किंवा मुदत उलटलेला सिलिंडर दिसायला कितीही धडधाकट असला, तरी माणसाच्या पाठीवर चढवता येत नाही.

आता समजा, एका छोट्या नगरपालिकेला अनुदान मिळालं आणि तिने एकदम चाळीस सिलिंडर घेतले. चाळीसही सिलिंडरांवर तारीख एकच. म्हणजे पाच वर्षांनी सगळे एकत्र चाचणीला जाणार आणि पंधरा वर्षांनी सगळे एकत्र बाद होणार. त्या वर्षी पुन्हा अनुदान मिळेलच, असं कुणी लिहून दिलेलं नसतं. तोवर अर्ज लिहिणारा अधिकारी बदललेला असतो, खरेदीची फाईल कपाटात गेलेली असते, आणि केंद्रावर रात्रपाळीला असलेल्या माणसाला मात्र त्याच सिलिंडरावर विसंबून आत जायचं असतं.

अनुदानाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा ‘पैसे मिळाले की नाही’ एवढंच विचारतो. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अनुदान खरेदीचा दिवस पार पाडून देतं. त्यानंतरची सगळी वर्षं स्थानिक संस्थेलाच निभावायची असतात. हे मनात ठेवून पाहिलं, तर अनुदानाचे किचकट वाटणारे नियमही बऱ्यापैकी उलगडतात.

मुळात अनुदान लागतं कशाला?

आग लागली, इमारत कोसळली, पूर आला, की आधी पोचतात ते जवळचे लोक: अग्निशमन दल, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, पोलीस, शोध-बचाव पथक. सरकारी कागदांत यांना ‘प्रथम प्रतिसादक’ म्हणतात. राष्ट्रीय पातळीवरची पथकं कितीही सज्ज असली, तरी ती पोचेपर्यंतचे पहिले काही तास याच लोकांचे असतात. ही सेवा चालवायची जबाबदारी पुष्कळ देशांत स्थानिक संस्थेवर असते. भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जी बारावी अनुसूची जोडली, त्यात नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या अठरा विषयांत अग्निशमन सेवा आहे.

अडचण अशी, की छोट्या शहराचं उत्पन्न छोटं असतं, पण तिथली आग उत्पन्नाच्या प्रमाणात लहान लागत नाही. रसायनाचा टँकर उलटला तर तो मोठ्या महानगरात उलटो की वीस हजार वस्तीच्या गावाबाहेर, तिथे जाणाऱ्या माणसाला तोच पोशाख, तोच श्वसनसंच (म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि चेहऱ्यावरचा मुखवटा) आणि तेच वायूमापक यंत्र लागतं. घरपट्टी-पाणीपट्टीच्या जोरावर हे उभं राहत नाही. म्हणून वरचं सरकार, म्हणजे राज्य किंवा केंद्र, आपल्या तिजोरीतून हातभार लावतं. त्यात उपकार नाहीत. एका गावचं दल सज्ज असलं की शेजारच्या चार गावांनाही त्याचा आधार होतो, आणि त्या चार गावांचा खर्च एकट्या गावाने का सोसावा?

पैसा खाली कसा येतो

काही निधी सूत्राने वाटला जातो. लोकसंख्या, क्षेत्रफळ, आपत्तीचा धोका असे निकष लावून प्रत्येकाचा वाटा ठरतो. भारतातल्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधींकरता एकूण १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातला ८० टक्के भाग प्रतिसाद निधीचा आणि २० टक्के सौम्यीकरण निधीचा, म्हणजे आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठीचा. आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची गोष्ट म्हणजे, प्रतिसाद निधीतूनच एकूण रकमेचा दहावा हिस्सा ‘पूर्वतयारी आणि क्षमतावृद्धी’साठी वेगळा ठेवला गेला. आपत्ती आल्यावर मदत वाटायला पैसे असतात, पण ती यायच्या आधी दोरखंड, बोटी, यंत्रं घ्यायला नसतात, हे जुनं दुखणं आहे. त्यावरचा हा एक उपाय.

दुसरा प्रकार स्पर्धेचा. अर्ज मागवले जातात, गुण दिले जातात, वरच्या क्रमांकांना पैसे मिळतात. अमेरिकेच्या संसदेने २००० साली कायदा करून अग्निशमन दलांसाठी असं अनुदान सुरू केलं आणि २००१ पासून ते दिलं जाऊ लागलं. त्याची दोन वैशिष्ट्यं मला फार आवडतात. एक म्हणजे पैसा मधे कुठे न थांबता थेट दलाकडे जातो. दुसरं, अर्जांची तपासणी करायला अग्निशमन क्षेत्रातलीच माणसं बसतात. धुरात शिरलेल्या माणसाला कुठली मागणी खरी आणि कुठली फुगवलेली, हे चार ओळींत कळतं.

तिथलीच अंतर्गत सुरक्षेची मोठी अनुदानं मात्र राज्यांमार्फत येतात. मधेच पैसा अडकू नये म्हणून नियम असा, की राज्याने किमान ८० टक्के रक्कम ४५ दिवसांच्या आत स्थानिक संस्थांकडे सोपवायची. वरून निघालेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचायचं तर पाटावर लक्ष ठेवावंच लागतं.

स्वहिस्सा आणि ‘आधी खर्च, मग पैसे’

बहुतेक अनुदानांत काही वाटा स्वतःचा घालावा लागतो. भारतात अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची केंद्रीय योजना आली, तीत बहुतेक राज्यांना २५ टक्के, तर ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना १० टक्के वाटा स्वतःचा उचलायचा होता. वर सांगितलेल्या अमेरिकी अनुदानात वस्तीनुसार पायऱ्या आहेत: वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असेल तर ५ टक्के, दहा लाखांपर्यंत १० टक्के आणि त्याहून मोठ्या शहराला १५ टक्के. गरिबाला कमी, सधनाला जास्त, हे तत्त्व दोन्हीकडे दिसतं.

हा वाटा का मागतात? स्वतःचे पैसे घातले की माणूस वस्तू जपून वापरतो आणि गरज नसलेलं मागत नाही, असा त्यामागचा विचार आहे. तो चुकीचा नाही. पण अर्ज करण्यापूर्वी हा वाटा अंदाजपत्रकात, योग्य लेखाशीर्षाखाली, खरोखर ठेवलेला असला पाहिजे. अनुदान मंजूर झाल्यावर स्वहिस्सा शोधायला निघायचं, तोवर आर्थिक वर्ष संपायचं आणि निधी व्यपगत व्हायचा, म्हणजे न वापरताच हातचा जायचा, ही गोष्ट टाळता येण्याजोगी आहे आणि म्हणूनच जास्त लागते.

याहून फसवी अट म्हणजे प्रतिपूर्ती. पुष्कळ अनुदानं आधी हातात पैसे देत नाहीत. तुम्ही खरेदी करा, बिलं जोडा, मग रक्कम मिळेल, अशी रीत असते. म्हणजे कागदावर स्वहिस्सा ५ टक्के असला, तरी काही महिन्यांसाठी शंभर टक्के रक्कम आपल्याच तिजोरीतून बाहेर जाते. लहान संस्थेला हे झेपेल का, हे लेखाधिकाऱ्याला अर्जाच्या दिवशीच विचारायला हवं. जिथे रक्कम हप्त्यांनी येते, तिथे पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो. बंब अर्धा बांधून होतो आणि काम ठप्प पडतं.

आणखी एक नियम सगळ्यांनाच गोंधळात टाकतो. अनुदानाची रक्कम भर म्हणून वापरायची, बदली म्हणून नाही. समजा, एखादी पालिका दरवर्षी स्वतःच्या पैशातून दहा पोशाख घेते. यंदा अनुदानातून दहा आले, म्हणून तिने स्वतःची तरतूद काढून रस्त्यावरच्या दिव्यांकडे वळवली, तर जवानांच्या पदरात काय पडलं? काहीच नाही. पोशाख तेवढेच राहिले. म्हणून अमेरिकेतल्या या योजनांत अशी बदली करायला स्पष्ट मनाई आहे. हा नियम काटेकोर वाटला, तरी तो आत जाणाऱ्या माणसाच्या बाजूने उभा राहणारा आहे.

अर्जात काय लिहायचं

‘आमची उपकरणे जुनी झाली असून नवीन उपकरणांची नितांत आवश्यकता आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्याचं वजन शून्य. त्याऐवजी असं लिहिलं तर? ‘दलात ३२ जवान आहेत. संरक्षक पोशाख १८. त्यातले ११ दहा वर्षांपेक्षा जुने. एका पाळीत नऊ जण असतात, त्यांच्यात चांगले पोशाख सात.’ हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण यातला शेवटचा वाचताना डोळ्यांपुढे दोन माणसं उभी राहतात ना? आणि हा आकडा कुठून येतो? साठा नोंदवहीतून. जिथे वही नीट ठेवलेली आहे, तिथे अर्ज अर्धा लिहून झालेलाच असतो.

पोशाखाबद्दल थोडं अधिक सांगावंसं वाटतं, कारण बाहेरून तो नुसता जाड कोट दिसतो. त्याला तीन थर असतात. बाहेरचा थर ज्वाळा आणि फाटण्यापासून वाचवतो, मधला पाणी आणि वाफ अडवतो, आतला उष्णता अडवतो. उन्हाने, घामाने, धुण्याने हे थर झिजतात आणि मधला थर विरला तरी वरून कळत नाही. म्हणून अमेरिकी मानकानुसार बनावटीपासून दहा वर्षांनी तो पोशाख आगीच्या कामातून निवृत्त करतात. शिवाय धुरातली काजळी त्यात मुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच मानवाला कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात टाकला. त्यामुळे आगीवरून आल्यावर पोशाख नीट धुवावा लागतो, आणि तो वाळेपर्यंत दुसऱ्या आगीची खबर आली तर घालायला दुसरा पोशाख लागतो. ‘माणशी दोन संच कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि ते अर्जात स्पष्ट लिहायला संकोच करू नये. सोबत पोशाख धुण्याचं खास यंत्रही मागावं.

मुखवट्यांचंही तसंच. चेहरे सारखे नसतात. सगळे मुखवटे मध्यम आकाराचे मागवले, तर बारीक चेहऱ्याच्या जवानाच्या गालापाशी फट राहते आणि धूर आत येतो. म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मुखवटा लावून तो घट्ट बसतो का, याची चाचणी आधी करायची आणि मग आकारवार संख्या लिहायची. ही चाचणी दरवर्षी पुन्हा करावी लागते. तिचा खर्चही कुणीतरी धरलेला असावा लागतो.

एक बटण

उपकरण आणि प्रशिक्षण यांची सांगड का लागते, हे समजून घ्यायला मी नेहमी एका घटनेकडे जातो.

१९९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये स्फोट झाला. उंच इमारतीत जवानांच्या वॉकी-टॉकींचा आवाज वरपर्यंत पोचत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. त्यावर उपाय म्हणून तिथे रिपीटर बसवला गेला. रिपीटर म्हणजे दुबळा संदेश पकडून तो जोरदार करून पुढे पाठवणारं यंत्र. म्हणजे धडा घेतला गेला, खर्च झाला, यंत्र आलं.

११ सप्टेंबर २००१ ला विमान आदळल्यावर उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या तळाशी अग्निशमन अधिकाऱ्यांनी तो रिपीटर वापरून पाहिला. त्याच्या मुख्य हँडसेटवरून बोलायचं तर दुसरं एक बटण दाबावं लागे. ते दाबलं गेलं नाही. आवाज जात-येत नाही असं पाहून, यंत्र बंद पडलं आहे असं समजून अधिकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. पुढे चौकशी आयोगाच्या अहवालात नोंदलं गेलं, की रिपीटर चालू होता. दक्षिणेकडच्या मनोऱ्यातल्या काही जवानांनी तो त्याच सकाळी वापरलाही. वर घिरट्या घालणाऱ्या पोलीस हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याची अवस्था दिसत होती, पण पोलीस आणि अग्निशमन दल एका वाहिनीवर बोलत नव्हते.

त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. हे सगळं एका बटणामुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. कारणं अनेक होती, आणि पुष्कळ जवान परतीचा आदेश कानावर येऊनही इतरांना सोडून निघाले नसते. पण यंत्र जागेवर होतं, चालू होतं, आणि ते आणीबाणीच्या घाईत हाताला सवयीचं नव्हतं, एवढं खरं. खरेदीच्या रकमेत सरावाचे तास धरलेले नसले की काय होऊ शकतं, हे याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

त्यानंतर अमेरिकेतल्या अनुदानांनी वॉकी-टॉकींबाबत एकमेकांशी बोलता येण्यावर भर दिला. पी-२५ नावाचं समान मानक पाळणारे संचच घ्यावेत, अशी अपेक्षा अर्जदारांकडून केली जाऊ लागली. अटींच्या यादीत हे रुक्ष दिसतं. पण याच्याही मागे एक जुनी आग आहे. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहर पेटलं तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, माणसं आली, पाइप आले, आणि ते पाइप तिथल्या पाण्याच्या नळांना बसेनात. आटे वेगळे होते. तीस तासांहून अधिक काळ आग चालली आणि दीड हजारांवर इमारती जळाल्या. नंतर मोजदाद झाली तेव्हा देशभरात पाइपांच्या जोडांचे सहाशेहून जास्त प्रकार निघाले. त्यामुळे अनुदानाच्या अटींत ‘मानकाप्रमाणे’ किंवा ‘शेजारच्या दलांशी सुसंगत’ असं दिसलं, तर ती अडवणूक समजू नये. निविदेचा मसुदा करण्यापूर्वी शेजारच्या दोन-तीन केंद्रांत जाऊन त्यांचे जोड, त्यांचे संच, त्यांचे मुखवटे प्रत्यक्ष पाहून यावेत. एका दिवसाचं काम आहे.

वस्तू आल्यावर

वस्तू आली, की ती नोंदवहीत चढते: क्रमांक, किंमत, कुठल्या अनुदानातून, कुठे ठेवली, स्थिती काय. अमेरिकी संघराज्याच्या नियमांत अशा उपकरणांची दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष मोजणी करावी लागते, आणि कागदपत्रं अंतिम हिशेब दिल्यानंतरही तीन वर्षं जपावी लागतात. अनुदानातली वस्तू मनाला येईल तशी विकता किंवा दुसऱ्या विभागाला देता येत नाही. बचावाची बोट उद्यान विभागाच्या तलावात फिरताना सापडली, तर लेखापरीक्षक आक्षेप घेणारच, आणि तो बरोबर असेल.

हिशेबाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग याच्यापुढे सुरू होतो. श्वसनसंच घेतला, तर हवा भरायचा कॉम्प्रेसर लागेल, त्याची गाळणी ठरावीक तासांनी बदलावी लागेल, भरलेली हवा शुद्ध आहे का ते तपासावं लागेल. वॉकी-टॉकी घेतले, तर बॅटऱ्या काही वर्षांत दम सोडतील. उष्णता दाखवणारा कॅमेरा घेतला, तर त्यातलं चित्र वाचायला शिकवावं लागेल. शिवाय मानकं बदलतात. श्वसनसंचात हवा संपत आल्याचा इशारा पूर्वी टाकी एक चतुर्थांश उरल्यावर वाजायचा; अमेरिकी मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत तो एक तृतीयांश उरल्यावर वाजावा असं ठरलं. बाहेर पडायला जास्त वेळ मिळावा म्हणून. बदल अगदी योग्य, पण त्याच्या आदल्या वर्षी संच घेतलेल्या दलांचे संच एका रात्रीत मागच्या पिढीचे झाले. नव्या आणि जुन्या संचांची सरमिसळ असलेल्या केंद्रात कुणाचा इशारा कधी वाजणार, हे प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

यावर काय करता येतं? शक्य असेल तिथे खरेदी दोन-तीन टप्प्यांत करावी, म्हणजे बाद होण्याच्या तारखा विभागल्या जातात. देखभालीचा करार मूळ निविदेतच, हमीकाळ संपल्यानंतरच्या वर्षांसकट मागावा. खरेदीच्या वेळी पुरवठादाराशी घासाघीस करता येते, नंतर आपण त्याच्या हातात असतो. आणि अंदाजपत्रकात बदली निधीचं एक छोटं शीर्ष उघडून दरवर्षी त्यात किमतीचा ठरावीक भाग टाकत जावं. पंधरा वर्षं टिकणारी वस्तू असेल, तर पंधरावा हिस्सा, भाववाढ धरून थोडा अधिक. तेवढी रक्कम दरवर्षी बाजूला काढणं झेपणार नसेल, तर चाळीसऐवजी पंचवीस संच मागावेत आणि ते पंचवीस कायम धडधाकट ठेवावेत, असं मी म्हणेन. याला विरोध होतो, कारण मिळणारं का सोडायचं? पण चाचणी चुकलेले पंधरा सिलिंडर केंद्रात पडून असतील, तर घाईच्या वेळी त्यांतला एखादा कुणाच्या तरी पाठीवर चढतोच.

तुम्ही नगरसेवक असा, लेखा विभागात असा किंवा नुसते करदाते असा, पुढच्या वेळी अंदाजपत्रकाची चर्चा निघाली की केंद्रप्रमुखांकडे एक कागद मागा. त्यावर तीन रकाने: वस्तू, बनावटीची तारीख, बाद व्हायची तारीख. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जवळची जी तारीख असेल, तिच्या निदान दोन वर्षं आधी पुढच्या अर्जाची तयारी सुरू व्हायला हवी. जाहिरात निघण्यापासून वस्तू हाती येईपर्यंत तेवढा काळ सहज जातो.